पोलीस आले, म्हणजे केस झाली?

रात्रीचा दीड. तुमचा रूममेट तीन रात्री झोपलेला नाही. आता खोलीचं दार आतून लावून तो कुणाशी तरी बोलतोय, पण खोलीत दुसरं कुणीच नाहीये. दार वाजवलं की ओरडतो, ‘मला मारायलाच आलात ना?’ मघाशी काच फुटल्याचा आवाज आला. बाहेर पॅसेजमध्ये तुम्ही सात-आठ जण. एक म्हणतो, ‘११२ ला लावू या.’ लगेच दुसरा, ‘वेडायस का? पोलीस आले की केस होते. त्याचं करिअर गेलं मग.’ फोन पुन्हा खिशात.

प्रसंग कल्पनेतला आहे. पण तो दुसरा डायलॉग तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असणारच. (अशा वेळी ‘वेडायस का’ हाच शब्द तोंडात येतो, ही आणखी एक गंमत.) या भीतीपायी तास-दोन तास सहज जातात, आणि नेमके तेच महत्त्वाचे असतात.

भीती उगाच बसलेली नाही. १९८७च्या जुन्या कायद्यानुसार पोलीस अशा माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचे. म्हणजे आजारपणाची सुरुवातच कोर्टातून. शिवाय भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न केला आणि वाचलात, तर वर्षभरापर्यंतची शिक्षा! आपल्या आई-बाबांच्या पिढीने हेच ऐकलं, तेच आपल्यापर्यंत आलं.

पण २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८मध्ये लागू झाला आणि चित्र बदललं. त्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं; तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. उलट तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तर ते ३०९ उरलंच नाही. (सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर तो मात्र अजूनही गुन्हा आहे.) हॉस्पिटलने कळवलं म्हणून पोलीस येतील, जबाब घेतील. पण जबाब देणं म्हणजे आरोपी होणं नव्हे.

आता त्या बंद दाराकडे येऊ. इथे लागतं कलम १००. मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा इतरांना इजा करेल असं वाटलं, तर पोलिसांनी त्याला ‘संरक्षणात’ घ्यायचं. हा शब्द नीट वाचा, अटक नव्हे. का घेतोय हे त्याला सांगायचं. शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. ‘कोणत्याही परिस्थितीत’ नाही, असं कायदाच म्हणतो. रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर माणसालाही हेच लागू; शिवाय त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हे पोलीस ठाण्याचंच काम.

कागदावर छान आहे, मान्य. पण रात्री दीडला जीपमधून उतरणाऱ्या हवालदाराला हे माहीत असेलच असं नाही. पोलिसांना याचं वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं, असं याच कायद्यात लिहिलंय. ते प्रत्येक ठाण्यापर्यंत नीट पोचायला हवं. ‘कुणीतरी मागे लागलंय’ या भीतीने थरथरणाऱ्या मुलासमोर चार खाकी वर्दीवाले दंडुका आपटत उभे राहिले, तर त्याची भीती खरीच ठरते ना! दुसरी बाजूही बघा. त्या वेळी फोन केल्यावर सायकियाट्रिस्ट दारात येत नाही. येतात ते पोलीस आणि १०८ची अॅम्ब्युलन्स.

म्हणून फोनवर काय बोलता याला फार किंमत आहे. ‘एक मुलगा राडा घालतोय’ असं सांगितलंत, तर पोलीस राडा थांबवायलाच येणार. त्याऐवजी सांगा, ‘मित्र आजारी आहे, तीन दिवस झोपलेला नाही, घाबरलाय, खोलीत काच फुटलीये, अॅम्ब्युलन्सही लागेल.’ औषधं चालू असतील तर तेही सांगा. रेक्टरना उठवा, घरी फोन लावा. पॅसेजमधली गर्दी हटवा आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाइल आधी खाली करायला लावा. त्याला जो सगळ्यात जवळचा, त्याने एकट्याने, हळू आवाजात बोलत राहावं. पोलीस आले की आधी त्यांना गाठून दोन मिनिटांत सगळं सांगा. सायरन, आरडाओरडा नको, अशी विनंती करा. ‘साहेब, कलम १००प्रमाणे हॉस्पिटलला नेऊ या’ हे वाक्यही जरूर वापरा; फक्त आवाज वकिलाचा नको, मित्राचा असू दे.

परिस्थिती इतकी हाताबाहेर नसेल, मित्र नुसता ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणत असेल, तरी ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

याच कायद्यातली एक गोष्ट फार कुणाला ठाऊक नसते. अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. साध्या कागदावर लिहायचं, सही करायची, समोरच्याची लेखी संमती घ्यायची. आपण भानावर नसू तेव्हा उपचारांबद्दल डॉक्टर या माणसाशी बोलतात. तो नातेवाईकच असावा असं बंधन नाही, सज्ञान मित्र-मैत्रीणही चालते. आई-बाबा गावी, आठ तासांच्या एसटीच्या अंतरावर असतील, तर खोलीतल्या दोघांनी एकमेकांसाठी हा कागद करून ठेवायला एक चहा पिण्याइतकाच वेळ लागतो.