तिसऱ्या वाढदिवसानंतर

कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये मुलाला किंडरगार्टनमध्ये घालायचं, तर १ सप्टेंबरपर्यंत त्याला पाच वर्षं पूर्ण झालेली लागतात. समजा, एखादं बाळ २० ऑगस्टला एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलं. डॉक्टरांनी दिलेली तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली होती. पुण्याहून बाळंतपणासाठी येणाऱ्या आजीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. दिवस भरून जन्मलं असतं, तर हे मूल शाळेत एक वर्ष उशिरा गेलं असतं. आता ते आपल्याहून जवळजवळ वर्षभर मोठ्या मुलांच्या शेजारी बसणार. शाळेला मात्र फक्त जन्मतारीख दिसते. आठवडे दिसत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, टेकड्यांच्या आड वसलेलं हे गाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढलं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७२ हजारांवर गेली. तिच्यात भारतीय कुटुंबांचा वाटा मोठा, मराठी घरंही पुष्कळ. चांगल्या शाळांसाठी म्हणून लोक इथे घर घेतात. अशा गावात एखादं मूल गणितात मागे पडलं की घरात आधी क्लास शोधला जातो. जन्माच्या वेळची फाइल उघडून बघावी, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. ती उघडली जावी, एवढ्यासाठी हा लेख.

अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणजे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं. अमेरिकेत साधारण दहातलं एक बाळ असं असतं. भारतात प्रमाण याहून थोडं जास्त आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर होतं, तरी फुप्फुसं तयार नव्हती. दोन दिवसही तो जगला नाही. फुप्फुसांचे बारीक फुगे मिटू न देणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ अशा बाळांत कमी असतो, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. त्यावरचं औषध सर्रास मिळायला १९९० उजाडलं. आज पॅट्रिकच्या वजनाचं बाळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत घरी जातं. त्याच्याहून निम्म्या वजनाची बाळंही जगतात. जगण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला आणि शाळेचा प्रश्न उभा राहिला.

गर्भातले शेवटचे दोन-तीन महिने बाळ नुसतं वजन धरत नसतं. मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या पडतात, पेशींमधल्या जोडण्या वाढतात, तंतूंवर आवरण चढू लागतं. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांश असतं. हे उरलेलं काम काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात व्हायचं असतं. कधी मेंदूत रक्तस्राव होतो, कधी जंतुसंसर्ग, कधी पोषण कमी पडतं. काहीच झालं नाही तरी त्या जोडण्यांची घडण थोडी वेगळी होते. ‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही आपल्याकडची जुनी समजूत म्हणून साफ चुकीची आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या कामी येतो.

या विषयावरचं आपल्या माणसांचं सगळ्यात मोलाचं काम पुण्यात झालं आहे. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली, दोन किलोंहून कमी वजनाची बाळं डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेआड होऊ दिली नाहीत. सहाव्या वर्षी तपासली, बाराव्या वर्षी तपासली, थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. घरं बदलणाऱ्या, गावं बदलणाऱ्या कुटुंबांना इतकी वर्षं धरून ठेवणं किती चिकाटीचं, हे ज्यांनी असं काम केलंय त्यांनाच कळेल.

बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ आला, पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या मुलांचा ९७.२. म्हणजे फरक होता, पण सरासरी सर्वसाधारण मर्यादेतच होती. सगळ्यात मागे होती ती दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी, अशी दुहेरी कमतरता असलेली मुलं: ८५.४. आईच्या पोटातच ज्यांची उपासमार झाली ती ही मुलं. मला या अभ्यासातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो, कारण त्याचा धागा गर्भारपणातल्या आहारापर्यंत जातो. आकृती बघून काढणं, लिहिणं आणि गणित या गोष्टी अनेकांना जड जात होत्या.

गणितच का, हे एका वजाबाकीत दिसतं. त्रेचाळीसमधून सतरा. तीनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक मोडायचं. तेरातून सात गेले, सहा राहिले. आता चार दशकांची तीन झाली, हे तोवर लक्षात ठेवायला हवं. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला रीत समजलेली असते, पण ती तीन दशकं मधेच निसटतात. तो चारातून एक वजा करतो आणि उत्तर छत्तीस लिहितो. बाईंना वाटतं, लक्ष नाही. ही मुलं सहसा वर्गात दंगा करत नाहीत, शांतपणे हरवतात. म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाहीत.

यात घाबरण्यासारखं किती? फ्लोरिडातल्या लाखो मुलांच्या शालेय नोंदी जन्मनोंदींशी जोडून बघितल्या, तेव्हा तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्यांपैकीही सुमारे दोन-तृतीयांश मुलं वेळेवर किंडरगार्टनसाठी तयार निघाली. काही तर विशेष हुशार मुलांच्या वर्गात होती. उलट, स्कॉटलंडमधल्या चार लाखांवर शाळकरी मुलांच्या २०१० च्या अभ्यासात सदतिसाव्या ते एकोणचाळिसाव्या आठवड्यात जन्मलेल्यांनाही चाळिसाव्यात जन्मलेल्यांपेक्षा जादा शैक्षणिक मदत थोडी अधिक लागल्याचं दिसलं. मुहूर्त साधण्यासाठी सिझेरियन दोन आठवडे अलीकडे ओढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

डब्लिनमध्ये तीन वर्षांपर्यंत व्यवस्था चांगली आहे. फार आधी जन्मलेल्या बाळांना अतिजोखमीच्या बाळांसाठीच्या राज्याच्या योजनेत तपासण्या मिळतात. ‘अर्ली स्टार्ट’ कार्यक्रमात ईस्ट बेच्या रिजनल सेंटरमार्फत वाचा, हालचाल, खेळ यांचे उपचार मिळतात. मूल रांगायला लागतं, बोलायला लागतं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तिसऱ्या वाढदिवसाला ही दोन्ही दारं बंद होतात. पुढची जबाबदारी शाळा मंडळाची, पण ठळक अपंगत्व नसेल तर मूल तिथे कुणाच्याच यादीत नसतं. आणि हातच्याची अडचण दिसायला लागते सातव्या-आठव्या वर्षी.

शाळा एक वर्ष उशिरा सुरू करावी का? कॅलिफोर्नियात किंडरगार्टन सक्तीचं नाही, त्यामुळे अनेक पालक हा विचार करतात. ब्रिटनमधल्या काही नोंदी सांगतात की मूळ तारखेच्या हिशेबाने एक वर्ष आधी शाळेत गेलेली मुलं जास्त मागे पडतात. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या अभ्यासात मात्र उशिरा घातल्याचा फायदा दिसला नाही. आठव्या वर्षीच्या चाचण्यांत नुकसानच दिसलं. मला दुसरं जास्त पटतं. घरी काढलेल्या वर्षात मदत मिळाली नाही, तर ते वर्ष नुसतं जातं. मुलाला वर्गात बसवून, त्याला एका वेळी एकच सूचना देणं, दशकं मणी-काड्यांनी हातात देणं, लिहायला थोडा जास्त वेळ देणं हे अधिक उपयोगी. डोळे आणि कान दरवर्षी तपासून घ्यावेत. आणि घरातल्या गप्पा, गोष्टी, पुस्तकं यांनाही मोठं वजन असतं, हे अनेक देशांतल्या पाठपुराव्यांत दिसलं आहे.

शंका वाटली तर क्लासच्या आधी शाळा मंडळाला लेखी पत्र द्यावं: मुलाची तपासणी करा. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तपासणीचा आराखडा पालकांना द्यावा लागतो. त्यावर सही केली की साठ दिवसांत तपासणी करून बैठक घ्यावी लागते, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे. घरात मूल मराठी बोलत असेल तर तपासताना ती भाषा विचारात घ्या, असं मागता येतं. केंद्रीय कायद्याची त्याला साथ आहे. ‘मुलावर शिक्का बसेल’ या भीतीने आपली माणसं इथे अडतात. पत्रात एक ओळ अवश्य असावी: कितव्या आठवड्यात जन्म, किती ग्रॅम वजन, किती दिवस अतिदक्षता विभागात. सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी, आणि वर्गशिक्षिकेलाही एक द्यावी.