बूट घेताना आधी पाय पाहा

पहाटे पाच वाजता तिसगावातून नगर-पाथर्डी रस्त्यावर उभे राहिले, तर अंधारात पळणारी पोरे-पोरी दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी लष्कराची. त्यांत आपल्या वस्तीतली मुले-मुली पुष्कळ. बाप ऊसतोडीला गेलेला, आई शेतमजुरीला जाणारी, आणि पोरगी उजाडायच्या आत तीन-चार किलोमीटर पळून येऊन पुन्हा पाण्याचा हंडा उचलते. हे पाहून आम्हाला अभिमान वाटतो. पण वाचकहो, एकदा या मुलांच्या पायांकडे पाहा. कुणाच्या पायात शाळेतला कॅनव्हासचा बूट, कुणाच्या पायात थोरल्या भावाचा झिजलेला, कुणाच्या पायात लग्नासाठी घेतलेला चकचकीत पांढरा. एखादा तर अनवाणीच!

वह्या-पुस्तकांना, क्लासच्या फीला आपण पोटाला चिमटा घेऊन पैसे काढतो. बुटाची वेळ आली की मात्र "काहीतरी घे पायात" म्हणून मोकळे होतो. ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, आमच्याच घरात झालेली आहे, म्हणून सांगतो.

आमची पुतणी भरतीची तयारी करीत होती. आम्ही तिला बाजारातून बूट आणून दिला. वर मोठ्या कंपनीचे नाव होते, एक अक्षर इकडचे तिकडे. माप एक नंबर मोठे घेतले, का तर पुढच्या वर्षीही चालेल! पोरीचा पाय वाढायचे वय कधीच संपले होते, हे ध्यानातच आले नाही. टाच बुटात हलायची म्हणून ती नाडी करकचून बांधायची. भरतीची जाहिरात निघाली तसे तिने अंतर एकदम दुप्पट केले, तेही डांबरी रस्त्यावर. नडगी दुखते म्हणाली, तर आम्हीच म्हणालो, "जिद्द सोडू नकोस." शेवटी पाय टेकवेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेले. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. सहा आठवडे पळणे बंद. त्याच सहा आठवड्यांत तिच्या मैदानी चाचणीची तारीख येऊन गेली.

दोष एकट्या बुटाचा नव्हता. बूट, कडक रस्ता, एकदम वाढवलेले अंतर आणि दुखण्याकडे केलेले दुर्लक्ष, असे चार दोष एकत्र आले. पण चारही टाळता आले असते. भरती दरवर्षी निघतेच असे नाही. वय मात्र दरवर्षी वाढते.

भगवंतांनी दिलेली परवानगी

पायातल्या वहाणेचा प्रश्न क्षुल्लक आहे असे कुणी म्हणेल. भगवान बुद्धांना तो क्षुल्लक वाटला नव्हता. विनयपिटकातील महावग्गात चामड्याच्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र खंधक आहे. त्यात सोण कोळिविस या भिक्खूची हकीगत येते. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा हा मुलगा, पाय अतिशय नाजूक. प्रव्रज्या घेतल्यावर तो अनवाणी इतका चंक्रमण करी, की चालण्याची वाट रक्ताने माखली. इतके करूनही मुक्ती मिळेना, म्हणून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार ढिल्या सोडल्या तर वाजते काय? प्रयत्नाचेही तसेच आहे, हे सोणाला उमगले. पुढे भगवंतांनी त्याला एकपदरी तळाची वहाण वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला की, एकट्याला नको, सर्व संघाला मिळत असेल तरच घेईन. तेव्हा ती सर्व संघाला मिळाली.

याच खंधकात पुढे दुसरा एक सोण येतो, सोण कुटिकण्ण. आपले गुरू महाकच्चान यांच्या वतीने तो अवंती-दक्षिणापथातली अडचण भगवंतांपुढे मांडतो. तिकडची जमीन काळी, कडक आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. भगवंतांनी अशा मुलखासाठी अनेक पदरी तळाच्या वहाणांना मान्यता दिली. आपल्या तिसगावच्या काळ्या रानातून मार्चमध्ये चालून पाहा, म्हणजे या परवानगीचे मोल कळेल.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. पाय पाहावा, जमीन पाहावी आणि ताण बेताचा ठेवावा. बूट निवडण्याचे सारे शास्त्र या तिन्हींत येते. चौथी गोष्ट काळाने जोडली, ती म्हणजे काम पाहावे.

पाय पाहा

बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगतो, धावतानाही फुगतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. ज्याला धावायचे आहे त्यानेच दुकानात जावे. बापाने अंदाजाने आणू नये, आम्ही आणला तसा!

घरी कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा आणि पेन्सिलीने कड आखून घ्या. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरावे. पळताना जे मोजे घालणार तेच घालून बूट चढवावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बोटे मोकळी हलावीत, चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जाऊ नये, आणि टाच मात्र वर-खाली सरकू नये. ना ताणलेली, ना ढिली. वीणेच्या तारेसारखीच!

नंबरावर विसंबू नका. एका कंपनीचा ८ नंबर दुसरीच्या ७ इतका निघतो. शिवाय हे नंबर परदेशी पावलांवर बेतलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा आपली पावले त्या मानाने रुंद असल्याचे आढळले. चवड्याशी अरुंद बूट आपल्याला चावतो तो म्हणून. तसे झाले तर रुंद घडणीचा दुसरा बूट पाहावा. लांबी वाढवून रुंदीची भूक भागत नाही.

मुलींचे हाल आणखी वेगळे. बाजारात बायकांच्या मापाचे धावण्याचे बूट कमीच असतात, म्हणून मुली पुरुषांचे घालतात. बाईची टाच बहुधा अरुंद असते, त्यामुळे ती आत खेळते आणि फोड येतात. यासाठी पाथर्डी किंवा नगरला जावे लागले तरी एस. टी.चे भाडे वाया जात नाही.

सपाट तळपाय असेल तर अमुकच बूट हवा, असे दुकानदार सांगतो. अमेरिकेच्या सैन्यात नव्या भरतीच्या जवानांना तळपायाच्या आकारानुसार बूट देऊन तपासणी झाली आहे. त्याने दुखापती फारशा कमी झाल्या नाहीत. तेव्हा या कारणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दुकानातच पाच-दहा मिनिटे चाला, दारात थोडे पळा. ज्यात पायाला बरे वाटते तो बूट आपला.

हाताने तपासा

बूट हातात घेऊन पुढून वाकवा. तो चवड्यापाशी, बोटे जिथे मुडपतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर तोही नको. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून पाहा. तो थोडा ताठ हवा. आत हात घालून शिवणीची गाठ किंवा खिळ्यासारखे टोक लागते का ते बघा. तळ वरच्या भागाला नीट चिकटला आहे का, कुठे फट आहे का, तेही पाहा. पावती मागा. मोठे नाव आणि पडेल भाव एकत्र दिसले की समजावे, माल नकली आहे.

काम पाहा, जमीन पाहा

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, तसेच १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण धावण्याचे आहेत. यासाठी बूट हलका, टाचेखाली मऊ गादी असलेला आणि खास धावण्यासाठी बनवलेला असावा.

कॅनव्हासचा बूट कवायतीला, संचलनाला ठीक. रोज डांबरावर पळण्यास त्याचा तळ फार पातळ. क्रिकेट-फुटबॉलचे टोचे असलेले बूट रस्त्यावर घालू नयेत. व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला आडवे पळावे लागते, त्याचा बूट सपाट, रुंद तळाचा असतो. फिरायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना साधा, न घसरणारा, टाच धरून ठेवणारा बूट पुरतो. साखरेचा आजार असेल तर मात्र अनवाणी फिरूच नये. अशा आजारात पायाची जाणीव कमी होऊ शकते. खडा टोचला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांनी बूट घालण्यापूर्वी तो झटकून आत हात फिरवावा आणि रात्री तळपाय पाहावेत.

जमिनीला निवड असेल तर डांबरापेक्षा मुरमाची वाट किंवा शाळेचे मैदान बरे. रस्त्यावर पळावेच लागले तर वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने पळावे आणि अंगात पांढरा सदरा असावा.

कुणी म्हणेल, मोठमोठे धावपटू अनवाणी पळूनच मोठे झाले, मग ही चैन कशाला? आपल्या शेजारचाच दाखला घेऊ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी रोज कित्येक किलोमीटर पायी आणि पळत शाळेला जाई. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तोही ५ महार पलटणीत. बाबासाहेबांच्या आग्रहाला यश येऊन १९४१ साली उभी राहिली, तीच ही महार रेजिमेंट. अविनाशने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. त्यासाठी हलका, खिळ्यांचा, पाणी न धरणारा वेगळाच बूट लागतो. लहानपणी सोय नव्हती ती गरिबी होती. त्या गरिबीला मोठेपणाचे कारण समजू नये. किती पोरे त्याच वाटेवर पाय मोडून बसली, त्यांची नावे कुठे छापली जातात?

थोडा हिशेब

धावण्याच्या बुटाची गादी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बसते. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातून ६ दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे १३० किलोमीटर. चांगला बूट चार ते सहा महिने जातो. समजा, दीड हजारांचा बूट पाच महिने टिकला, तर महिन्याला ३०० रुपये पडले. पाचशेचा बूट दोन महिन्यांत बसला, तर महिन्याला २५० पडले. फरक ५० रुपयांचा! आमच्या त्या स्वस्त बुटापायी एक्स-रे, औषधे आणि एक भरती गेली, ते कुठल्या खात्यावर लिहायचे?

हा बूट पळण्यापुरताच वापरावा. बाजाराला, लग्नाला चप्पल आहेच. ओला झाला तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवल्यास चिकटवण सुटते. शिवण उसवली तर मोची टाके घालून देतो, पण बसलेली गादी कुणालाच दुरुस्त करता येत नाही. परीक्षेच्या दिवशी नवा बूट कधीही घालू नये; निदान दोन-तीन आठवडे आधी पायाला सवय करावी. अंतर हळूहळू वाढवावे. हाडावर एकाच ठिकाणी बोट लावताच दुखत असेल, तर पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. त्याला कच खाणे म्हणत नाहीत.

आपल्या आजे-पणज्यांना चावडीपुढून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. पायात काय घालावे हेसुद्धा दुसरे ठरवीत. तो काळ बाबासाहेबांच्या चळवळीने मोडून काढला. आता पायात काय घालायचे ते आपण ठरवतो, तर नीट पाहून, समजून ठरवावे. विहारात वाढदिवस, बारसे, जयंती होते, तेव्हा हार-तुऱ्यांचे थोडे पैसे वाचवून वस्तीतल्या एखाद्या धावणाऱ्या मुलीला तिच्या मापाचा बूट घेऊन द्यावा, अशी आमची मंडळांना विनंती आहे. सोण एकट्यासाठी वहाण घेत नव्हता, हे आठवावे.

आमची पुतणी आता पुन्हा पळते आहे. या खेपेला बूट तिने स्वतः पसंत केला. आम्ही फक्त पैसे दिले आणि दुकानाबाहेर गप्प उभे राहिलो.

जयभीम!