ही रायफल नक्की कुणी कापली?

अमेरिकेतल्या एका श्रोत्याने जुन्या लष्करी रायफलीचे फोटो पाठवलेत. विकणारा म्हणतोय, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश 'जंगल कार्बाइन' आहे. आखूड नळी, तोंडाशी नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर. लांबून बघितलं तर तशीच दिसते. पण काहीतरी जुळत नाहीये. चला, डीबग करू.

खरी जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर ५, ब्रिटनमध्ये १९४४ ते १९४७ या काळात बनली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री नॉट थ्रीची ती धाकटी बहीण. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, त्यामुळे मॅगझीन खालून तिरकं. फोटोतलं मॅगझीन मात्र चक्क चौकोनी डबा! म्हणजे आत ७.६२ ची, बिनकडेची काडतुसं.

मग दस्त्याजवळच्या धातूच्या पट्ट्यावर झूम केलं. अशोकस्तंभाचे सिंह, शेजारी 'आर एफ आय'. रायफल फॅक्टरी, ईशापूर. आपल्या कोलकात्याजवळची!

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने जुन्या ली-एनफिल्डच्या डिझाइनमध्ये एसएलआरचंच ७.६२ काडतूस बसवलं. त्यासाठी पोलाद अधिक मजबूत घेतलं. हीच ती २ए१. पुढे सरप्लस म्हणून ती अमेरिकेत गेली, आणि तिथल्या काही आयातदारांनी नळी कापून, नरसाळं लावून 'जंगल कार्बाइन' करून विकली.

शंका असेल तर लाकडाखाली बघा. खऱ्या नंबर ५ मध्ये वजन घटवायला नळीच्या जाड भागातूनही पोलाद काढलेलं असतं. नक्कल करणारे सहसा एवढी मेहनत घेत नाहीत.

मला खटकतं ते कापणं नाही, नाव पुसणं. १९६० च्या दशकातली भारतीय रायफल ब्रिटिश म्हणून विकली, की तिचा स्वतःचा इतिहासच गेला. कापलेल्या नळीला अनडू नसतं ना.

उलटंही होतं बरं का. ईशापूरच्या काही जुन्या थ्री नॉट थ्रींच्या पुढच्या लाकडावर तार गुंडाळून डाग दिलेला असतो. बघताच वाटतं, कुणीतरी गावठी जुगाड केलाय. पण ते काम अधिकृत आहे: रायफलीवरून ग्रेनेड फेकताना बसणाऱ्या हादऱ्याने लाकूड फुटू नये म्हणून. ती तार दिसली, तर 'साफ' करायला जाऊ नका.