हिब्रू धर्मग्रंथातील आशा आणि स्वास्थ्याची कल्पना

'आशा' या शब्दाने आज सामान्यतः मनाच्या एका प्रसन्न अवस्थेचा बोध होतो. जे इष्ट आहे ते घडेल असे वाटणे म्हणजे आशा. शरीर, मन आणि सामाजिक जीवन यांचा एकत्र विचार करणाऱ्या समग्र स्वास्थ्यविषयक साहित्यात आशेची महती याच अर्थाने गायिली जाते आणि तिच्या समर्थनार्थ पुष्कळदा हिब्रू धर्मग्रंथातील वचनांचा आधार घेतला जातो. परंतु ज्या ग्रंथांतून ही वचने उचलली जातात, तेथे आशेचे स्वरूप बरेच निराळे आहे. ते समजून घ्यावयाचे तर शब्दांपासूनच प्रारंभ करणे सोयीचे होईल.

हिब्रू भाषेत आशेसाठी सर्वांत परिचित शब्द 'तिक्वा' हा होय. सूत किंवा दोर असाही त्याचा अर्थ आहे. यहोशवाच्या ग्रंथात यरीहो नगरातील राहाब ही स्त्री इस्राएली हेरांना आश्रय देते. नगर पडेल त्या वेळी तिचे घर ओळखू यावे म्हणून खिडकीला किरमिजी सुताचा दोर बांधण्यास तिला सांगण्यात येते. त्या दोरासाठी मूळ शब्द 'तिक्वा' हाच आहे. ईयोबाच्या ग्रंथात या दुहेरी अर्थाचा करुण उपयोग आढळतो. व्याधीने जर्जर झालेला ईयोब आपल्या दिवसांची तुलना विणकराच्या धोट्याशी करतो. ते धोट्याहूनही वेगाने धावतात आणि 'तिक्वा' संपताच थांबतात. येथे संपले ते सूत की संपली ती आशा, हे ठरविता येत नाही. कवीला दोन्ही अभिप्रेत असावीत. भाषांतरात बहुधा यांपैकी एकच अर्थ उरतो.

'तिक्वा' हे नाम 'काव्हा' या धातूशी निगडित असून त्या धातूचा अर्थ वाट पाहणे असा आहे. पीळ देणे, ताणणे या क्रियांशी त्याचे मूळ नाते असावे, असे अनेक कोशकार मानतात. सर्वांना ते मान्य नाही. आशेसाठी योजिला जाणारा दुसरा धातू 'याहल' हाही प्रतीक्षेचाच वाचक आहे. म्हणजे हिब्रू भाषकाच्या दृष्टीने आशा करणे आणि वाट पाहणे या फारशा वेगळ्या क्रिया नव्हत्या. १३० व्या स्तोत्रात उजाडण्याची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची उपमा येते. पहाट होणार याविषयी पहारेकऱ्याला शंका नसते. मात्र ती लवकर आणणे त्याच्या हाती नाही आणि तोवर झोपण्याचीही त्याला मुभा नाही.

या आशेची खरी परीक्षा यिर्मया या संदेष्ट्याच्या काळात झाली. इ. स. पू. ५९७ मध्ये बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकून तेथील राजा, सरदार व कारागीर यांना बॅबिलोनला नेले. त्यानंतर हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगू लागला की, दोन वर्षांच्या आत सारे परत येतील. लोकांना हेच ऐकावयाचे होते. यिर्मयाने मात्र निर्वासितांना पत्र पाठवून कळविले की, हा काळ सत्तर वर्षांचा आहे. तेव्हा तेथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे कल्याण इच्छा. भविष्य आणि आशा देण्याचे जे प्रसिद्ध आश्वासन आज शुभेच्छापत्रांवर छापले जाते, ते याच पत्रातील आहे. सत्तर वर्षांचा उल्लेख त्या पत्रांवर सहसा नसतो. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आश्वासनाचे वजन कळते.

पुढे इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमला पुन्हा वेढा पडला असता स्वतः कैदेत असलेल्या यिर्मयाने अनाथोथ गावातील एक शेत सतरा शेकेल चांदी देऊन विकत घेतले आणि खरेदीखत दीर्घकाळ टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवविले. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या जमिनीचा हा व्यवहार व्यावहारिक दृष्ट्या वेडेपणाचाच होता.

समग्र स्वास्थ्याच्या कल्पनेशी या ग्रंथांचे नाते नाही असे मात्र नव्हे. यिर्मयाच्या पत्रात कल्याणासाठी आलेला 'शालोम' हा शब्द पूर्णत्व दर्शविणाऱ्या धातूपासून बनला आहे. 'नेफेश' या शब्दाचे भाषांतर बहुधा आत्मा असे होते. परंतु गळा, श्वास, जीव आणि सबंध व्यक्ती एवढे अर्थ त्यात सामावतात. ४२ व्या व ४३ व्या स्तोत्रांत कवी आपल्या खचलेल्या नेफेशाला आशा धरण्यास विनवितो, तेव्हा तो देहापासून निराळ्या आत्म्याशी बोलत नसतो. नीतिसूत्रांत तर लांबणीवर पडलेली आशा हृदयाला आजारी करते, असे स्पष्टच म्हटले आहे. आशा ही रोगावरील औषध असते तशी रोगाचे कारणही होऊ शकते, हे त्या सूत्रकाराने पाहिले होते.

आधुनिक मानसशास्त्राने या विषयाकडे लक्ष दिले ते बरेच उशिरा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ मध्ये आशेचे मापन करण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ध्येय गाठण्याची जिद्द आणि तेथे पोचण्याचे मार्ग शोधण्याची क्षमता ही त्यांनी आशेची दोन अंगे मानली. हा विचार उपयुक्त आहे. परंतु जेथे मार्गच उरलेला नाही तेथे तो अपुरा पडतो. याहून हानिकारक ठरतो तो लोकप्रिय समज की, प्रसन्न व आशावादी राहिल्यास कर्करोगासारखा विकारही हटतो. जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मानसिक सुस्थितीचा आयुर्मर्यादेशी संबंध आढळला नाही. तरीही आजार बळावला की रुग्णाने पुरेशी आशा बाळगली नाही असे सुचविले जाते आणि वेदनेत अपराधाची भर पडते.

असा आरोप ईयोबावर त्याच्या मित्रांनी केला होता. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वर त्या मित्रांनाच दोषी ठरवितो. स्तोत्रसंहितेतही तक्रारीला मज्जाव नाही. ८८ वे स्तोत्र मरणोन्मुख माणसाचे आहे. त्यात सांत्वनाची ओळ शेवटपर्यंत येत नाही आणि मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द अंधाराचा वाचक आहे. संग्राहकांनी ते स्तोत्र वगळले नाही, की त्याला आश्वासक शेवटही जोडला नाही.