शेरा आणि शिफारस

उधन्यातील एका खानदेशी कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ताठर, उच्चार अस्पष्ट. समज मात्र वयाला साजेशी. एका शाळेने त्याला प्रवेश नाकारला. कापड बाजारात काम करणारे वडील कारण विचारावयास गेले, तेव्हा त्यांच्यापुढे माझाच कागद ठेवण्यात आला. ‘विशेष शाळा योग्य ठरेल’ हा शेरा दोन वर्षांपूर्वी, रुग्णांच्या गर्दीत, मी लिहून दिला होता. “डॉक्टरसाहेब, हे तुम्हीच लिहिलं ना?” त्यांच्या स्वरात राग नव्हता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे, एवढे आपणां डॉक्टरांना प्रमाणपत्रांमुळे ठाऊक असते. शासनमान्य व अनुदानित शाळांत अशा बालकांना भेदभावाविना प्रवेश आणि गरजेनुरूप सोयी मिळाव्यात, हे सांगणारे कलम १६ मात्र मी तोवर वाचलेच नव्हते.

या हक्कांच्या रक्षणासाठी कायद्याने राज्य आयुक्तांचे पद निर्माण केले आहे. अर्ज आल्यास, वा स्वतःहूनही, ते चौकशी करू शकतात. साक्षीदारास बोलावणे, कागदपत्रे मागविणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. इतके करून शेवटी ते करतात ती शिफारस! “नुसती शिफारस?” मी वकील मित्राला काहीशा तुच्छतेनेच विचारले. त्याने कलम ८१ दाखविले. शिफारस मिळालेल्या प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावयाची; ती अमान्य असल्यास कारणे आयुक्तांना द्यावयाची आणि पीडितालाही तसे कळवावयाचे. (कलम ८९ मधील दंड निराळा: प्रथम १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख रुपये.)

म्हणजे सारा भार कारणावर. आणि इथे ते कारण शाळेला मीच पुरविले होते.

नवे पत्र लिहावयास पाऊण तास लागला. मुलाला काय जमते ते आधी लिहिले. मग तळमजल्यावरील वर्ग, आधाराचे बाक, लेखनास जादा वेळ. ते जोडून वडिलांनी आयुक्तांच्या नावे अर्ज तयार केला आणि त्याची एक प्रत शाळेत नेऊन दिली. पुढील आठवड्यात प्रवेश मिळाला. वर्ष मात्र वाया गेले ते गेलेच.

मूळ अर्ज धाडण्याची वेळ आली नाही. तो त्यांनी घरच्या पेटीत जपून ठेवला आहे. परीक्षेत जादा वेळ नाकारला गेला, तर पाठवावयाचा म्हणून.