२५ फूट लांब राहा!
न्यूयॉर्कचा छायाचित्रकार रॉन गलेला अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी जॅकलिन केनेडी-ओनासिस यांच्या अक्षरशः हात धुऊन मागे लागला होता. १९७१ मध्ये त्याने टॅक्सीतून पाठलाग केला. चालकाने हॉर्न वाजवला, जॅकलिन वळल्या आणि वाऱ्याने केस विस्कटलेला तो गाजलेला फोटो त्याला मिळाला. फोटो सुरेखच, पण पद्धत? त्याच्या या पाठलागाचं प्रकरण कोर्टात गेलं, तेही आधी गलेलानेच दावा ठोकल्यामुळे! १९७३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला २५ फूट लांब राहायला बजावलं. त्याच वर्षी अभिनेता मार्लन ब्रँडोने ठोसा मारून त्याचा जबडा मोडला. पुढच्या खेपेला पठ्ठ्या ब्रँडोच्या मागे गेला तो अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट घालून. कोर्टाचा आदेश मात्र त्याने मोडलाच. १९८२ मध्ये अवमानाचा ठपका आल्यावर जॅकलिन यांचा पिच्छा सुटला.