सुरांची यंत्रं – भाग ९ : पट्ट्या पियानोच्या, आवाज वर्कस्टेशनचा

मागच्या भागात आपण वर्कस्टेशनची ओळख करून घेतली. आवाजांचा साठा, इफेक्ट आणि गाणं थरांवर थर चढवून बांधणारा सीक्वेन्सर, सगळं एकाच वाद्यात. १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम-१ने ही पद्धत जगभर रूढ केली. त्याला पट्ट्या होत्या ६१, आणि आजही ऑर्केस्ट्रात दिसणारी बरीचशी वर्कस्टेशनं तेवढ्याच पट्ट्यांची असतात. पट्ट्या हलक्या, स्प्रिंगवर उसळणाऱ्या. ब्रास किंवा लीड वाजवायला त्या छान. पण पियानोचा आवाज लावला की बोटांना आधारच मिळत नाही. ८८ वजनदार पट्ट्यांचं वर्कस्टेशन महाग पडतं आणि कार्यक्रमाला नेताना पाठ मोडतं. उलट अनेक घरांत मुलांच्या शिकवणीसाठी घेतलेला डिजिटल पियानो असतोच. त्याच्या पट्ट्यांवर वर्कस्टेशनचे आवाज वाजवायचे कसे, ते आज पाहू.

हे शक्य होतं मिडीमुळे, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या सामायिक भाषेमुळे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइम इथल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरने जोडून दाखवले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकमेकांचं ऐकू लागली. सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी घेतलेल्या पुढाकाराबद्दल संगीतकारांनी कायम ऋणी राहावं, असं मला वाटतं.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. जातात ते फक्त आकडे : कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पियानोच्या अगदी डावीकडच्या पट्टीचा क्रमांक २१, मधल्या सी-चा ६०, शेवटच्या पट्टीचा १०८. आवाज तयार होतो तो वर्कस्टेशनमध्ये आणि बाहेर पडतो तोही तिथूनच. म्हणून हेडफोन किंवा स्पीकर वर्कस्टेशनला लावायचे.

जोडणी सोपी आहे. पाच पिनांची गोल मिडी वायर पियानोच्या ‘आउट’मधून वर्कस्टेशनच्या ‘इन’मध्ये. एवढी एकच वायर पुरते. हौसेने उलट दिशेचीही लावली, तर काही सेटिंगांत तोच सूर फिरून परत येतो आणि दोनदा वाजतो. अडचण नव्या पियानोंची आहे. त्यातल्या अनेकांना गोल सॉकेटच नसतं, फक्त कॉम्प्युटरला जोडायचं चौकोनी यूएसबी असतं. वर्कस्टेशनलाही तसंच चौकोनी पोर्ट असेल, तर ती दोन थेट जोडून काही होत नाही. दोन्ही वाद्यं कॉम्प्युटरच्या हुकमाची वाट पाहत बसतात. मध्ये कॉम्प्युटर तरी हवा किंवा यूएसबी मिडी होस्ट नावाची छोटी डबी. वायर विकत घेण्याआधी दोन्ही वाद्यांची मागची बाजू नीट पाहा.

वायर लागली की दोन्ही आवाज एकदम ऐकू येतील : पियानोचा स्वतःचा आणि वर्कस्टेशनचा. पियानोखाली स्ट्रिंग्ज हव्या असतील तर हे मिश्रण सुरेखच. नको असेल तेव्हा पियानोच्या मेन्यूत ‘लोकल ऑफ’ करा. मग पट्ट्या आकडे पाठवत राहतात, पण पियानो स्वतः गप्प बसतो.

खरं काम पुढे आहे, आणि ते स्पर्शाचं आहे. पट्टी किती वेगाने खाली गेली, ते मिडी १ ते १२७ या आकड्यांत सांगतं. यालाच व्हेलॉसिटी म्हणतात. हलक्या पट्टीवर सहज मिळणारा आकडा वजनदार पट्टीवर गाठायला जास्त जोर लागू शकतो. मग वर्कस्टेशनचे आवाज मंद वाटतात आणि जोरात वाजवल्यावरच उमटणारा ब्रासचा किंवा बेसचा तिखट थर येतच नाही. आपल्याकडचे पुष्कळ कीबोर्डवादक पेटीवर तयार झालेले असतात. पेटीत आवाजाची तीव्रता भात्यावर ठरते, बोटाच्या जोरावर नाही. त्यामुळे त्यांचा हात मुळात समतोल आणि हलका असतो. त्यांना हा फरक जास्त जाणवतो.

उपाय व्हेलॉसिटी कर्व्हचा, म्हणजे किती जोराला कोणता आकडा मिळेल ते ठरवणाऱ्या सेटिंगचा. मात्र बदल एकाच ठिकाणी करा. दोन्ही वाद्यांत फेरफार केले तर नेमकं काय कुठे बदललं ते समजत नाही. कॉर्गच्या ट्रायटन आणि क्रोनोससारख्या यंत्रांत एक बारकावा आहे. तिथे ‘कन्व्हर्ट पोझिशन’ प्री-मिडीवर असेल, तर कर्व्ह फक्त वर्कस्टेशनच्या स्वतःच्या पट्ट्यांना लागू होतो. बाहेरून जोडलेल्या पियानोवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पोस्ट-मिडी केलं की पियानोलाही लागू होतो. हा एक पर्याय माहीत नसल्याने तासन्‌तास वाया जाऊ शकतात.

आता मींड. डिजिटल पियानोला सहसा पिच बेंडचं चाक नसतं आणि आपल्या गाण्याला त्यावाचून चालत नाही. म्हणून वर्कस्टेशन पियानोच्या डाव्या बाजूला ठेवा. उजवा हात पियानोवर, डावा वर्कस्टेशनच्या चाकावर. बेंडची मर्यादा बहुधा दोन सेमीटोन असते, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंत. पण सूर आणि बेंड एकाच आवाजापर्यंत पोहोचायला हवेत. पियानो ज्या चॅनलवर पाठवतो, तोच चॅनल वर्कस्टेशनचा मुख्य चॅनल ठेवा. मिडीत असे १६ चॅनल असतात. ते जुळले नाहीत तर सूर एका आवाजावर वाजेल आणि मींड भलत्याच आवाजाला लागेल, किंवा काहीच वाजणार नाही.

पेडल पियानोलाच जोडलेलं राहू द्या. त्याचा संदेशही त्याच वायरीतून जातो. अर्धं पेडल मात्र प्रत्येक वर्कस्टेशनला कळत नाही; काहींना पेडल दाबलेलं किंवा सोडलेलं, एवढंच समजतं.

सगळं जुळल्यावर ते वर्कस्टेशनमध्ये सेव्ह करायला विसरू नका. अनेक यंत्रांत ग्लोबल सेटिंग वेगळं सेव्ह करावं लागतं, नाहीतर बंद केल्यावर ते पुसलं जातं. पुढच्या भागात याच ८८ पट्ट्या वाटून घेऊ : डाव्या हाताला बेस, उजव्या हाताला पियानो. तोवर जोडणी करून पाहा आणि कुठे अडलं ते कळवा.